बोस्टन कॉमनवरचे नाताळचे झाड, त्याचे नाव आणि डिसेंबरची रोषणाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोस्टन आणि आसपासच्या गावांत राहणारे मराठी वाचक, इथे नव्याने शिकायला आलेले विद्यार्थी आणि थंडीच्या दिवसांत मुलांकडे राहायला आलेले आई-वडील दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की साधारण हेच प्रश्न पाठवतात. ते एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. एकाच गोष्टीची पुनरुक्ती टाळण्यासाठी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याविषयीची उत्तरे सर्वसाधारण समजुतीसाठी आहेत. प्रत्यक्ष तक्रार करायची असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा.

१. हे झाड नेमके कुठे असते आणि ते कधी उजळते?

बोस्टन कॉमन हे १६३४ पासूनचे, अमेरिकेतील सर्वांत जुने मानले जाणारे सार्वजनिक उद्यान आहे. त्याच्या ट्रेमाँट स्ट्रीटच्या बाजूला, पर्यटक माहिती केंद्राजवळ हे झाड उभे केले जाते. पार्क स्ट्रीट स्थानकाच्या पायऱ्या चढून वर आले की ते चालत दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर आहे. दिवे लावण्याचा सोहळा नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतो आणि त्याची तारीख शहराचा उद्यान विभाग जाहीर करतो. डिसेंबरात बोस्टनला सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे झाड पाहण्यासाठी रात्रीपर्यंत थांबण्याची गरज नसते. कार्यालय सुटताना वाट थोडी वाकडी केली तरी ते पाहता येते.

२. अमेरिकेतल्या शहराच्या मध्यभागी कॅनडातून आणलेले झाड का लावतात?

हे झाड विकत आणलेले नसून ती एका प्रांताने शहराला दिलेली कृतज्ञतेची भेट आहे. ‘ख्रिसमस ट्री’ की ‘हॉलिडे ट्री’ या त्याच्या नावाच्या वादात (प्रश्न ६) पडण्यापूर्वी ही गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे.

६ डिसेंबर १९१७ रोजी सकाळी नोव्हा स्कोशिया प्रांतातील हॅलिफॅक्स बंदराच्या अरुंद खाडीत मों-ब्लाँ हे फ्रेंच मालवाहू जहाज आणि इमो हे नॉर्वेजियन जहाज यांची टक्कर झाली. पहिले महायुद्ध चालू होते आणि मों-ब्लाँवर पिक्रिक ॲसिड, टीएनटी, गनकॉटन आणि बेन्झॉल असा स्फोटक माल ठासून भरलेला होता. जहाजाला आग लागली. ती पाहायला लोक खिडक्यांशी उभे राहिले, आणि नऊ वाजून चार मिनिटांच्या सुमारास जहाजाचा स्फोट झाला. सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली, नऊ हजारांच्या आसपास जखमी झाली, सोळाशेच्या जवळपास इमारती जमीनदोस्त झाल्या. खिडकीशी उभ्या असलेल्यांच्या डोळ्यांत काचा घुसल्यामुळे हजारोंच्या डोळ्यांना इजा झाली आणि कित्येकांची दृष्टी कायमची गेली. खाडीपलीकडची टफ्ट्स कोव्ह येथील मिकमॉ या मूळ रहिवाशांची वस्ती स्फोटात आणि पाठोपाठ उसळलेल्या लाटेत नष्ट झाली. दुसऱ्या दिवशी हिमवादळ आले.

बातमी तारेने बोस्टनला पोहोचली तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल सॅम्युएल मॅकॉल यांनी हॅलिफॅक्सला मदत देऊ करणारी तार केली. तारा तुटल्यामुळे उत्तर आले नाही. उत्तराची वाट न पाहता त्याच रात्री दहाच्या सुमारास डॉक्टर, परिचारिका आणि औषधे घेतलेली खास आगगाडी बोस्टनहून सुटली. ती वाटेत बर्फात अडकत ८ डिसेंबरच्या सकाळी हॅलिफॅक्सला पोहोचली. मागाहून बोटीने कपडे, औषधे आणि फुटलेल्या खिडक्यांसाठी काचाही गेल्या. मॅसॅच्युसेट्सच्या मदतीतून उभे राहिलेले आरोग्याचे काम हॅलिफॅक्समध्ये पुढे दहा वर्षे चालू होते.

त्या आगगाडीतील पथकाचे नेतृत्व अब्राहम रॅटशेस्की या बोस्टनमधील ज्यू बँकरकडे होते. नावाच्या वादात हे कोणी फारसे सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले आहे. ज्या मदतीचे आभार म्हणून नाताळचे झाड येते, ती मदत नेणारा मनुष्य नाताळ पाळणारा नव्हता, आणि मदत नेताना त्याने ती कोणत्या धर्माच्या लोकांना मिळणार याचा विचार केला नव्हता.

३. ही प्रथा १९१८ पासून आहे की १९७१ पासून? दोन्ही वर्षे वाचनात येतात.

१९१८ च्या नाताळात हॅलिफॅक्सने आभारादाखल बोस्टनला एक झाड पाठवले होते, असे नोव्हा स्कोशियात सांगितले जाते. मात्र दर वर्षी अखंडपणे झाड येऊ लागले ते १९७१ पासून. त्या वर्षी लुनेनबर्ग परगण्यातील नाताळची झाडे पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेने पुढाकार घेतला. हा परगणा बाल्सम फरच्या लागवडीसाठी प्रसिद्ध असल्यामुळे त्यांच्या व्यवसायाची जाहिरात हाही त्यामागचा एक हेतू होता. पुढे ही जबाबदारी प्रांताच्या सरकारने उचलली. जाहिरातीचा हेतू होता म्हणून कृतज्ञता खोटी ठरते असे या लेखकाला वाटत नाही. परंतु इतिहास सांगताना हेतू दोन होते हे सांगितले पाहिजे.

४. झाड कोण निवडते आणि ते एवढ्या लांब कसे आणतात?

नोव्हा स्कोशियाचे वनखाते वर्षभर झाडावर नजर ठेवते. व्हाइट स्प्रूस, रेड स्प्रूस किंवा बाल्सम फर यांपैकी एखादे, साधारण १२ ते १६ मीटर उंच, चारही बाजूंनी भरगच्च आणि क्रेन पोहोचेल अशा जागी असलेले झाड शोधले जाते. ते बहुतेकदा कोणाच्या तरी घराशेजारी किंवा खासगी जमिनीत सापडते आणि मालक ते देऊन टाकतो. आपले झाड बोस्टनला गेले हे त्या कुटुंबात अभिमानाने सांगितले जाते.

तोडणीच्या दिवशी गावकरी आणि शाळेतील मुले जमतात. झाड धाडकन जमिनीवर पाडले जात नाही, कारण तसे केले तर एका बाजूच्या फांद्या मोडतील. आधी क्रेनचा पट्टा शेंड्याखालच्या खोडाला बांधून झाड वरून तोलून धरतात, मग बुंध्याशी करवत चालवतात, आणि मोकळे झालेले झाड काही क्षण उभेच्या उभे हवेत लटकते. त्यानंतर फांद्या दोरांनी खोडाशी आवळून ते लांब ट्रकवर आडवे ठेवले जाते आणि हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून बोस्टनला येते. याच वेळी निराधारांसाठी काम करणाऱ्या रोझीज प्लेस आणि पाइन स्ट्रीट इन या बोस्टनमधील संस्थांसाठीही लहान झाडे पाठवण्याची पद्धत आहे.

५. बोस्टनमध्ये एके काळी नाताळवर बंदी होती, हे खरे आहे का?

हो, ते खरे आहे. १६५९ साली मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या विधिमंडळाने नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला आणि तो कायदा १६८१ मध्ये रद्द होईपर्यंत लागू होता. बंदी घालणारे प्युरिटन पंथाचे कट्टर ख्रिस्ती होते. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख नाही, त्यामुळे हा सण माणसांनी घुसडलेला आहे आणि त्या निमित्ताने दारू व दंगा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. कायदा गेल्यानंतरही दीड-पावणेदोनशे वर्षे या भागात नाताळ हा बहुतेकांसाठी कामाचा दिवस राहिला. मॅसॅच्युसेट्समध्ये तो १८५६ मध्ये सुट्टीचा दिवस झाला आणि देशपातळीवर १८७० मध्ये.

सजवलेल्या झाडाची पद्धत इथे जर्मन लोकांबरोबर आली. हार्वर्डमध्ये जर्मन शिकवणारे चार्ल्स फॉलेन यांनी १८३० च्या दशकात केंब्रिजमधील आपल्या घरी मेणबत्त्या लावून सजवलेले झाड न्यू इंग्लंडमधील सुरुवातीच्या झाडांपैकी एक मानले जाते. विजेच्या दिव्यांचे पहिले झाड १८८२ मध्ये एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या घरात उभे केले; त्यावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे होते. शहराने सर्वांसाठी उघड्यावर झाड लावावे ही कल्पना मात्र त्याहून नवी आहे. १९१२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअरमध्ये आणि बोस्टन कॉमनवर अशी झाडे उभी राहिली. ज्यांच्या घरात झाड आणण्याची ऐपत नाही त्यांच्यासाठी हे झाड आहे, असा त्यामागचा विचार होता.

त्यामुळे ‘आमच्या पूर्वजांपासून चालत आलेली परंपरा’ हा शब्दप्रयोग वादात कोणत्याही बाजूने आला तरी तो जपून तपासावा. या शहराच्या संस्थापकांची परंपरा झाड न लावण्याची होती.

६. ‘ख्रिसमस ट्री’ की ‘हॉलिडे ट्री’ हा वाद नेमका काय होता?

२००५ च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टन शहराच्या अधिकृत घोषणेत नोव्हा स्कोशियाहून आलेल्या झाडाचा उल्लेख ‘हॉलिडे ट्री’ असा झाला. ज्या कॅनेडियन लाकूडतोड्याने ते झाड दिले होते तो संतापला आणि हे आधी कळले असते तर झाड पाठवण्याऐवजी त्याचा भुसा केला असता, अशा आशयाचे बोलला. ते बोलणे दोन्ही देशांच्या वर्तमानपत्रांत छापून आले. अमेरिकेत त्या वर्षी नाताळ सार्वजनिक जीवनातून हद्दपार केला जात आहे अशी ओरड काही ख्रिस्ती संघटना आणि दूरचित्रवाणीवरील निवेदक आधीपासूनच करत होते, त्यामुळे बोस्टनचे झाड अचानक राष्ट्रीय भांडणाचा विषय झाले. महापौर थॉमस मेनिनो यांनी आपण लहानपणापासून याला ख्रिसमस ट्री म्हणत आलो आहोत आणि तेच म्हणत राहू, असे सांगून विषय आटोपता घेतला.

त्याच हंगामात वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या इमारतीसमोरील झाडाचे नाव, जे काही वर्षे ‘हॉलिडे ट्री’ असे चालत होते, पुन्हा ‘ख्रिसमस ट्री’ करण्यात आले. २०११ मध्ये शेजारच्या ऱ्होड आयलंडचे राज्यपाल लिंकन चेफी यांनी ‘हॉलिडे ट्री’ म्हणण्याचा आग्रह धरला तेव्हाही असाच गदारोळ झाला आणि दिवे लावण्याच्या कार्यक्रमात काही लोकांनी निषेध म्हणून नाताळची गाणी म्हटली.

७. मग ‘हॉलिडे ट्री’ म्हणण्याची कायद्याने सक्ती आहे का?

नाही. हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. कोणत्याही अमेरिकी न्यायालयाने शहराला ‘ख्रिसमस ट्री’ हा शब्द वापरण्यास मनाई केलेली नाही, आणि ‘हॉलिडे ट्री’ म्हणण्यासही नाही. दुसरे नाव हा त्या-त्या अधिकाऱ्याचा निर्णय असतो; त्यामागे बहुधा कोणाला परके वाटू नये ही सदिच्छा असते. ती सदिच्छा खरी असली तरी या विशिष्ट झाडाच्या बाबतीत ती चुकीच्या जागी लागते, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. घरी कोणी हौसेने तिळगूळ आणून दिला तर आपण त्याला ‘हिवाळी मिठाई’ म्हणून ताटात मांडत नाही. देणाऱ्याने दिलेले नाव आपण ठेवतो. शिवाय ‘हॉलिडे’ या इंग्रजी शब्दाचे मूळही ‘पवित्र दिवस’ असेच आहे, म्हणजे नाव बदलून धर्म वगळला जातो हाही भ्रमच आहे.

८. सरकारी जागेत झाड चालते, मग येशूच्या जन्माचा गोठा का चालत नाही?

गोठा कधी चालतो आणि कधी चालत नाही. ते तो कोणी, कुठे आणि कशाच्या सोबतीने मांडला यावर ठरते. अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करण्यास मनाई करते आणि त्याच वेळी नागरिकांच्या धर्मपालनाला आणि भाषणाला संरक्षण देते. या दोन वाक्यांमधील ताणातून सगळे खटले निघाले आहेत. त्यांपैकी दोन निकाल लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला १९८४ चा. बोस्टनपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर असलेल्या ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट या शहराने बाजारपेठेजवळच्या एका बागेत सांताक्लॉजचे घर, हरणे, नाताळचे झाड आणि शुभेच्छांचा फलक यांच्याबरोबर गोठाही मांडला होता. गोठा शहराच्या मालकीचा होता आणि १९७३ मध्ये १,३६५ डॉलरना घेतलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो वैध ठरवला, कारण संपूर्ण देखाव्याचा रोख सणाच्या हंगामावर होता.

दुसरा १९८९ चा, पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्गचा. तेथे ॲलिगेनी परगण्याच्या न्यायालयाच्या इमारतीत मुख्य जिन्यावर एका कॅथलिक संघटनेचा गोठा एकटाच, ‘स्वर्गात देवाला गौरव’ अशा अर्थाच्या लॅटिन फलकासह मांडलेला होता. तो ५ विरुद्ध ४ मतांनी अवैध ठरला. त्याच खटल्यात जवळच्या दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी नाताळचे झाड, त्याच्या बाजूला १८ फुटी मनोरा (ज्यू लोकांच्या हनुक्का सणाचा दीपवृक्ष, प्रश्न १०) आणि स्वातंत्र्याला अभिवादन करणारा महापौरांचा फलक असा देखावा होता. तो ६ विरुद्ध ३ मतांनी टिकला. नाताळचे झाड आजच्या काळात स्वतःहून धार्मिक चिन्ह राहिलेले नाही, असे त्या निकालात मानले गेले. शहरे झाड निर्धास्तपणे लावतात आणि गोठा मांडताना वकिलांना विचारतात, त्याचे कारण येथे आहे.

९. म्हणजे हे निकाल आजही जसेच्या तसे लागू आहेत का?

दोन्ही निकाल रद्द झालेले नाहीत, परंतु त्यांच्यामागची कसोटी बदलली आहे. सामान्य पाहणाऱ्याला सरकार एखाद्या धर्माला पाठिंबा देते आहे असे वाटेल का, हा प्रश्न तेव्हा न्यायाधीश विचारत. २०२२ मध्ये शाळेच्या मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका फुटबॉल प्रशिक्षकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बाजूला ठेवली आणि इतिहास व परंपरा पाहून निर्णय करावा असे सांगितले. गोठ्याच्या बाजूने असलेल्यांचे बळ त्यामुळे वाढले आहे. झाडाचा प्रश्न आधीही फारसा नव्हता आणि आता तर नाहीच.

१०. कॉमनवर दिसणारा भव्य दीपवृक्ष कोणाचा? तो शहर लावते का?

तो मनोरा, म्हणजे ज्यू लोकांच्या हनुक्का सणाचा दीपवृक्ष आहे. आठ रात्रींसाठी आठ दिवे आणि ते पेटवण्यासाठी नववा दिवा अशी त्याची रचना असते. तो चबाद या ज्यू धार्मिक संघटनेकडून उभा केला जातो. उघड्यावर मोठा मनोरा लावण्याची अमेरिकेतील प्रथा याच संघटनेने १९७४ मध्ये फिलाडेल्फियात, लिबर्टी बेलजवळ सुरू केली. झाड आणि मनोरा यांच्यातील फरक असा की झाड शहराने स्वीकारलेली भेट असून शहर त्याचे यजमान आहे, तर मनोरा खासगी संघटनेचा आहे आणि शहर त्याला केवळ जागा देते. कायद्यात या फरकाला महत्त्व आहे. ते प्रश्न १२ मध्ये पाहावे.

सगळेच ज्यू या प्रथेच्या बाजूने नाहीत. पिट्सबर्गच्या खटल्यात मनोऱ्याला विरोध करणाऱ्यांत ज्यू नागरिकही होते. धर्म सरकारी आवारापासून दूर राहण्यातच अल्पसंख्याकांची सुरक्षितता आहे, असे त्यांना वाटते. हे मत पटो वा न पटो, ते गंभीरपणे ऐकून घ्यावे असे आहे.

११. रोषणाईचा खर्च करदात्यांच्या पैशातून होतो का?

उत्तर प्रत्येक रोषणाईसाठी वेगळे आहे. कॉमनवरील झाड भेट म्हणून येते, उभारणी व सोहळा शहराचा उद्यान विभाग पाहतो, आणि त्यासाठी प्रायोजकही असतात. कॉमनवेल्थ अॅव्हेन्यूच्या मधल्या पट्ट्यातील झाडांवरची रोषणाई देणग्यांवर चालते. फॅन्युइल हॉलच्या बाजारातील झाड आणि दिवे तेथील व्यापारी व्यवस्थेचे आहेत. पाहणाऱ्याला मात्र सगळे एकच वाटते, आणि म्हणून ‘शहर एवढा खर्च का करते’ ही तक्रार अनेकदा शहराने न केलेल्या खर्चाबद्दल असते.

१२. बोस्टनच्या ध्वजाचा खटला काय होता आणि त्याचा या वादाशी काय संबंध?

बोस्टनच्या महापालिका भवनासमोर तीन ध्वजस्तंभ आहेत. त्यांपैकी तिसऱ्यावर नागरिकांच्या संघटनांना काही तासांसाठी आपला ध्वज फडकवण्याची परवानगी मिळत असे. २००५ ते २०१७ या काळात अशा २८४ विनंत्या आल्या आणि एकही नाकारली गेली नाही. २०१७ मध्ये एका संघटनेने ख्रिस्ती ध्वज लावण्याची परवानगी मागितली तेव्हा मात्र, सरकार धर्माची बाजू घेते असे दिसेल या भीतीने, शहराने नकार दिला. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शहराच्या विरोधात निकाल दिला. ज्या व्यासपीठावर शहर येईल त्याला बोलू देते, तिथला आवाज शहराचा नसून त्या नागरिकांचा असतो, आणि केवळ तो धार्मिक आहे म्हणून तो बंद करता येत नाही, असा त्याचा अर्थ.

यानंतर शहराने नियम बदलले आणि ध्वज हे शहराचे स्वतःचे वक्तव्य असेल असे ठरवले. झाडालाही हाच धागा लागू होतो. जे शहर स्वतः मांडते त्याचा आशय शहर ठरवू शकते. जी जागा सर्वांना खुली आहे तिथे धर्म पाहून निवड करता येत नाही.

१३. मग आम्ही कॉमनवर दिवाळीची रोषणाई करण्याची मागणी करू शकतो का?

नक्कीच करू शकता, आणि या लेखकाच्या मते ती करावी. उद्यानातील कार्यक्रमासाठी शहराकडे परवानगीचा अर्ज करावा लागतो. जागा, वेळ, विमा, वीज आणि सुरक्षितता यांच्या अटी सर्वांना सारख्या असतात. अट पूर्ण होत नाही म्हणून अर्ज नाकारता येतो, परंतु अर्जदार हिंदू आहेत म्हणून नाकारता येत नाही. उघड्या ज्योतीच्या पणत्यांना अग्निशमन नियमांची अडचण येईल, त्यामुळे आकाशकंदील आणि विजेचे दिवे यांचा विचार आधी करावा.

जे मिळवणे शक्य नाही तेही सांगितले पाहिजे. नोव्हा स्कोशियाच्या झाडावर आपला आकाशकंदील टांगा, असे शहराला कायद्याच्या आधारे सांगता येणार नाही, कारण ते झाड शहराने आपले म्हणून मांडलेले आहे. आपला दिवा आपल्या तिथीला, आपल्या जागी मागावा. ते अधिक स्वाभिमानाचेही आहे. दिवाळीला सरकारी मान्यता मिळण्याची वाटचाल इतर राज्यांत झालेली आहे: पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये तशी मान्यता देणारा कायदा केला आणि न्यूयॉर्क शहराच्या शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा कायदा २०२३ मध्ये झाला.

१४. आपल्याकडे रस्त्यावर गणपतीचा मंडप उभा राहतो, ईदची रोषणाई होते, वसईत नाताळचे गोठे आणि कंदील दिसतात. इथेच एवढा वाद का?

दोन राज्यघटनांची रचना वेगळी आहे. भारताची राज्यघटना सरकारला सर्व धर्मांशी समान अंतर ठेवायला सांगते. अनुच्छेद २७ नुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर देण्याची सक्ती करता येत नाही, परंतु धर्म प्रस्थापित करण्यास मनाई करणारे अमेरिकेसारखे थेट वाक्य तीत नाही. त्यामुळे आपल्याकडे मंडपांवरचे खटले प्रामुख्याने वाहतुकीचा अडथळा, आवाज आणि परवानगी यांवरून होतात, तर इथे ‘सरकार कोणाच्या बाजूने बोलते आहे’ यावरून. दुसरे असे की मंडप मंडळाचा असतो, वर्गणीचा असतो. बोस्टनच्या झाडाचे यजमानपद प्रत्यक्ष शहराकडे आहे.

१५. मी ख्रिस्ती नाही. सोहळ्याला गेलो तर ते धार्मिक कार्यात भाग घेणे होईल का?

नाही. तिथे प्रार्थनासभा नसते. गाणी, भाषणे आणि नोव्हा स्कोशियाहून आलेले पाहुणे असतात; लाल कोटातले कॅनडाचे पोलीसही दिसतात. गाण्यांत नाताळची भक्तिगीते असू शकतात, ती म्हणण्याची सक्ती कोणावर नाही.

माझ्या आईला मी पहिल्यांदा तिथे नेले तेव्हा गर्दी ओसरल्यावर ती कठड्याजवळ बराच वेळ उभी राहिली. स्वेटरवर शाल, शालीवर कोट असा तिचा वेष होता आणि श्वासाची वाफ चष्म्यावर धरत होती. तिने हातमोजा काढून कठड्याबाहेर आलेली एक फांदी चुरली, बोटे नाकाशी नेली आणि कापराची आठवण येते म्हणाली. मग हॅलिफॅक्सची हकिगत पुन्हा सांगायला लावली, आणि आगगाडी उत्तराची वाट न पाहता निघाली या ठिकाणी मला थांबवून तिने विचारले, ‘त्या लोकांना हे झाड दिसायला तरी कुणी शिल्लक राहिलं होतं का रे?’

१६. एका संध्याकाळच्या शोभेसाठी एवढे मोठे झाड तोडणे योग्य आहे का?

हा प्रश्न नावाच्या वादापेक्षा अधिक गंभीर आहे, तरी तो कमी विचारला जातो. प्रमाण पाहायचे तर हे वर्षाला एक झाड आहे, ते जंगलातून न घेता बहुधा खासगी आवारातून घेतले जाते, आणि महिनाभर लाखो लोक ते पाहतात. दिवे आता एलईडीचे असल्यामुळे वीज पूर्वीच्या मानाने फार कमी लागते. नोव्हा स्कोशियामध्येही वाहतूक, जाहिरात आणि समारंभ यांवर होणाऱ्या सरकारी खर्चाबद्दल टीका होते आणि ती रास्त आहे. कृतज्ञतेला एवढ्या गाजावाजाची गरज नाही. झाड मात्र येत राहावे असे वाटते.

१७. मुलाच्या शाळेत झाड लावले आहे आणि नाताळची गाणी शिकवतात. हरकत घेता येते का?

सरकारी शाळा असेल तर नियम कडक आहेत, कारण मुलांवर दडपण येऊ शकते. झाड किंवा दिवे यांवर सहसा हरकत टिकत नाही (प्रश्न ८). गाण्यांबाबत १९८० मध्ये मध्यपश्चिमेतील एका संघीय अपील न्यायालयाने, संगीत आणि संस्कृती शिकवण्याच्या उद्देशाने धार्मिक गाणी चालतात असे म्हटले. तो निकाल मॅसॅच्युसेट्सवर बंधनकारक नाही, पण शाळा त्याचा आधार घेतात. मुलाला गाण्यातून सूट हवी असेल तर शिक्षकांना साधे पत्र लिहावे. खासगी शाळेला घटनेची ही मनाई लागूच होत नाही.

१८. आमच्या इमारतीच्या दालनात व्यवस्थापनाने झाड लावले आहे, पण माझ्या दारावरचे तोरण आणि कंदील काढायला सांगितले. हे चालते का?

येथे प्रश्न ८ मधले काहीही लागू होत नाही, कारण इमारतीचा खासगी मालक म्हणजे सरकार नव्हे. तो दालनात झाड लावू शकतो आणि त्यासोबत मनोरा किंवा पणती ठेवण्याचे त्याच्यावर बंधन नाही. मात्र घरांच्या भाड्यात व विक्रीत धर्मावरून भेदभाव करण्यास १९६८ च्या संघीय गृहनिर्माण कायद्याने मनाई आहे, आणि ती त्याला लागू होते. त्यामुळे नियम कोणता आहे यापेक्षा तो सर्वांना सारखा लावला जातो का, हे पाहावे. कोणाच्याच दारावर काही नको असा नियम असेल तर तक्रारीला फारसा आधार राहत नाही. शेजारच्या दारावर नाताळचे हिरवे पानांचे कडे महिनाभर टांगलेले असताना तुमचे झेंडूचे तोरण दोन दिवसांत काढायला सांगितले असेल, तर ती तक्रार गंभीर आहे. अशा वेळी दोन्ही दारांची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत, व्यवस्थापनाकडून नियम लेखी मागावा, आणि उत्तर येईपर्यंत तोरण जपून ठेवावे.